झाकली मूठ

दिवा (पूर्व)
१४ जानेवारी २०२५

आदरणीय सुधीर सर,

सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? तुमच्या हाताखालचा मुकुलदादा म्हणाला, जिना चढताना अजून दुखतो. आमच्याकडे सगळं ठीक. पाणी एक दिवसाआड येतं. आई त्यावरून मजल्यावरच्या बायकांशी कडाकडा भांडते आणि मग त्यांचेच हंडे उचलून देते. बाळकुमच्या आपल्या तरणतलावावर नवीन लाद्या बसवल्यात म्हणे. मी काही बघायला आलेले नाही.

मुकुलदादाने तुमचा निरोप दिला त्याला तीन दिवस झाले. फोन केला असता तर तुमचा आवाज ऐकून मी नेहमीसारखी ‘हो सर’ म्हणून मोकळी झाले असते. म्हणून लिहितेय.

अकराव्या वर्षी तुम्ही मला पाण्यात उतरवलंत. माझी डावी बाजू जन्मापासून आखडलेली. शाळेत पी.टी.च्या तासाला मला दप्तरं सांभाळायला बसवायचे. तुम्ही आईला म्हणालात, “ताई, हिला जमिनीवर तोल नाही, पाण्यात आहे.” ते खरं निघालं. पहिलं वर्षभर तुम्ही मला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरलात. हे सगळं मी चौकशी समितीलाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

आता निरोपाचं. माझ्यावर दोन वर्षांची बंदी आलीच आहे, तेव्हा शनिवारी तुमच्या सुनावणीत मी म्हणावं की सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं काय जायचं ते गेलंय, निदान तुमचं वाचेल.

सर, तुम्हाला माहीत होतं.

अपंगांच्या स्पर्धेत गटाचा आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी बसत होते सातव्या गटात. तुम्हाला मी सहाव्यात हवी होते, कारण सहाव्यात मेडल होतं. गट ठरवायच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “सकाळी गार पाण्याने आंघोळ करून ये, अंग आखडलेलं राहू दे. डॉक्टर डावी मूठ उघडायला सांगतील, ती उघडायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!” आणि हसलात. मग जवळ येऊन म्हणालात, “हे खोटं नाही गं. तुझेही वाईट दिवस असतातच ना? त्यातला एक त्यांना दाखव.”

मी दाखवला. नॅशनलला शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये सिल्व्हर आणलं. तुम्ही पेढे वाटलेत. त्यानंतर दोन वर्षं मी रोज मूठ अर्धी मिटून पोहले, कारण स्पर्धेतही तपासनीस बघतात, सवय झालेली बरी, असं तुमचं म्हणणं.

इथपर्यंत समितीलाही ठाऊक आहे. पुढचं मी तिथे बोलले नाही, तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

तपासणीच्या खोलीत आई होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर. मी चार वर्षांची असल्यापासून ती रोज खोबरेल तेल कोमट करून माझी ती मूठ उघडत आलेली, एकेक बोट करून. डॉक्टरांनी विचारलं, “उघडते का?” मी म्हणाले, “नाही.” आईने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घरी आल्यावर ती भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने माझ्या हाताला तेल लावणं बंद केलं. मेडल आणलं तेव्हा ओवाळलं, पण माझा हात धरला नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या फेरतपासणीत तीच आई तशीच खाली मान घालून बसलेली दिसल्यावर मी मूठ उघडली. सगळी. दुखेपर्यंत. पार्किंगमध्ये तुम्ही ओरडलात, “बारा वर्षं पाण्यात घातलीस!” लोक बघत होते. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवरून माझं नाव काढलंत.

फेरतपासणीनंतरच्या स्पर्धेत सातव्या गटात माझा सहावा नंबर आला. तेव्हा तुम्ही निघून गेलेलात, म्हणून सांगते: सिल्व्हरच्या वेळेपेक्षा मी तीन सेकंद कमी घेतले. पूर्ण पंजाने पाणी ओढलं, सर. मी एवढं पोहू शकते, हे मलाच माहीत नव्हतं.

मग मी विठ्ठलवाडीला समृद्धीकडे गेले. सहाव्या गटात माझ्यामुळे चौथी आलेली, ती. पोहणं सोडून आता बँकेच्या परीक्षा देते. दार तिनेच उघडलं. मी सगळं सांगून मेडल पुढे केलं.

तिने हातही लावला नाही. म्हणाली, “दोन वर्षं मी घरी सांगतेय की कायतरी गडबड आहे. पप्पा म्हणाले, हरणारे असंच बोलतात.”

“म्हणून तर आले. घे ना.”

“हे सिल्व्हर आहे. माझं ब्रॉन्झ होतं. ते तू नाही देऊ शकत. जे देऊ शकतात, त्यांना लिहून दे.”

चहा विचारला नाही. बरोबरच केलं तिने.

घरी येऊन मी समितीला लिहिलं. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत तुमचं. गेल्या आठवड्यात समृद्धीने ब्रॉन्झचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही.

मुकुलदादा म्हणाला, बंदी म्हणजे संपलंच तुझं. त्याला सांगा, बंदी स्पर्धेवर आहे, पोहण्यावर नाही. मी तेवीस वर्षांची आहे. पंचविसाव्या वर्षी सातव्या गटातूनच परत उतरणार आणि त्या पाचजणींना मागे टाकणार. शिकवायला कुणी मिळालं तर ठीक, नाही तर तुम्ही जे शिकवलंत त्यातलं खरं तेवढं पुष्कळ आहे मला.

तुमच्याकडे नवीन मुलं येतात. वाईट दिवस दाखवायला आता कुणाला सांगू नका.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सरांच्या गुडघ्याला खोबरेलात ओवा घालून लाव म्हणावं.” मग माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. म्हणून हा शेवटचा भाग कागद न धरता एकाच हाताने लिहितेय, अक्षर वाकडं आलंय.

शनिवारी मी येतेय. विचारतील ते सगळं सांगणार, पाठुंगळीचंही आणि मुठीचंही. माझ्याकडे बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्याकडे बघूनच बोलणार आहे.

तुम्हीच घडवलेली आणि तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला येणारी,
मृणाल