मानवलेलं पाणी

मुंबई, मंगळवार

ती. आईस,

वाकून करायचा नमस्कार सध्या उशीला टेकूनच करतो आहे, गोड मानून घे.

फोन घेत नाही म्हणून रागावू नकोस. बोलताना मध्येच दम लागतो आणि तू घाबरतेस. पत्रात कितीदा थांबलो ते तुला कळत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर बघून तू सुलभाला म्हणालीस, "मुंबईचं पाणी मानवलं हो तुझ्या नवऱ्याला, गाल वर आले." पाणीच आहे ते, आई.

आळ्यातली माती घट्ट झाली की शिंपलेलं पाणी मुरत नाही, भोवती पसरतं. माझ्या हृदयाचं तसंच झालंय, असं मी समजतो. ते आखडलंय, सैल पडून रक्त आत घेत नाही. म्हणून पाणी पायांत आणि तोंडावर उतरतं. औषधं चालू आहेत. इस्पितळात पिण्याचं पाणी मोजून देतात, मीठ बंद आहे. तुझं लोणचं माझ्या वाटणीचंही सुलभाच खाते.

मुक्ता आम्हा आईबाबांविना रडते का? वाडी शिंपायला कोणी मिळालं का?

दिवेआगरच्या वादळानंतर मी लावलेल्या माडाला यंदा फळ धरलंय म्हणे. पहिला नारळ लावणाऱ्यानेच देवापुढे वाढवायचा, ही आपल्या घरची रीत. पण तो तयार झाला की माझ्यासाठी ठेवून देऊ नकोस. रोप लावताना पहिली ओंजळ मुक्ताने घातली होती, म्हणजे लावणारी तीही आहे. तिच्या हातून वाढव.

तुझा,
अजेय