उजव्या खिशातलं कार्ड

मी, अनंत तुकाराम गमरे, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार भांडुप पश्चिम, पूर्ण शुद्धीवर असून, कुणीही दबाव आणलेला नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. परवा सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

१. राहती खोली आणि 'मैत्री फोटो स्टुडिओ'चा गाळा माझी एकुलती मुलगी चेतना हिला मिळावा.

२. 'दादा, आता मोबाइलच सगळं करतो' असं दहा वर्षं ऐकवणारा धाकटा भाऊ केतन याला माझा तडा गेलेला मोबाइल द्यावा. सगळं करतो का ते त्याने बघावं.

३. दोन्ही कॅमेरे, लेन्स, फ्लॅश चेतनाला. ती घ्यायची नाही, हे ठाऊक आहे. तरी दुसऱ्या कुणाला देऊ नयेत. मी तिला शिकवलं की आदल्या दिवशी हॉलवर जायचं, लग्नाच्या वेळेला तिथे उजेड कुठून येतो ते पाहायचं. आपल्या बौद्ध लग्नात वधूवर पांढऱ्यात, मागचा पडदाही पांढरा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबलं तर साडी मळकट येते, म्हणून उजेड वाढवायचा. विधी संपल्यावर माणसं सैल होतात, खरे चेहरे तेव्हा मिळतात, हे मात्र तिने मला शिकवलं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

४. आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. माझा नियम असा: फोटोंनी भरलेलं मेमरी कार्ड डाव्या खिशात, रिकामं उजव्या, आणि उजव्यातलं कॅमेऱ्यात घातलं की आधी पुसून कोरं करायचं. चार वर्षांपूर्वी नीलम तांबे हिच्या लग्नात सकाळचा विधी मी टिपला. डाव्या हातात जेवणाचं ताट होतं, म्हणून भरलेलं कार्ड उजव्या खिशात टाकलं. संध्याकाळी तेच रिकामं समजून चेतनाला दिलं. तिने नियमाप्रमाणे ते कोरं केलं आणि त्यावर रिसेप्शन काढलं. विधीचा एक फोटो उरला नाही. नीलमचे आजारी वडील विधीपुरते चाकांच्या खुर्चीत बसून आले होते; ते पंधरा दिवसांत गेले.

नीलम दुकानात रडत म्हणाली, "काका, कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "पोरीने केलं."

चेतनाने विचारलं, "पप्पा, तुम्ही दिलेलंच कार्ड घातलं ना मी?"

"मला काय विचारतेस? तुझं तुला कळायला नको?"

तिने ते खरं मानलं. त्या दिवसापासून कॅमेरा हातात धरला नाही. मुलुंडला दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, माझा फोन उचलत नाही. चूक माझी होती आणि मला ती त्याच रात्री कळली होती.

५. हे तोंडाने सांगायची माझी हिंमत झाली नाही. माझ्यानंतर हे चेतनाला वाचून दाखवावं. मला माफ करू नकोस पोरी, पण फोटो काढ. साक्षीदारांनी सगळं वाचूनच सही करावी, म्हणून नीलमला मुद्दाम बोलावलं आहे.

ठिकाण: भांडुप, मुंबई
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५
सही: अनंत तुकाराम गमरे

साक्षीदार:
१. दादू साळवी, शेजारी (सही)
२. नीलम तांबे (सही)

(नीलमच्या अक्षरात) वाचलं, सही केली. काका, मी माफ केलेलं नाही. तुम्ही मेल्यावर कळून चेतनाला काय करायचंय? तिला आणायला मुलुंडला चाललेय. तोंड उघडायची तयारी ठेवा.