गच्चीवरची फुली

११ जानेवारी

उडाले! अखेर उडाले! बोटं अजून गारठलेली आहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

विमान कसलं, पत्र्याचा डबा! मागच्या खुर्च्या काढून तळाला भोक पाडलंय, भोकावर कॅमेरा आणि कॅमेऱ्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन मी. पुढे कप्तान. पांढऱ्या मिशांचा माणूस, सतत गातो आणि सतत बेसूर गातो. "ताई, शेत नांगरतात ना, तसं शहर नांगरायचंय आपल्याला," म्हणाले. म्हणजे एका टोकाकडून सरळ जायचं, वळायचं, शेजारून सरळ परत यायचं. असे पट्टे जोडून सगळ्या शहराचा नकाशा होणार. मी फक्त पातळीच्या नळीतल्या बुडबुड्याकडे बघायचं. तो मध्यावर, तर कॅमेरा सरळ.

भोकातून वारा असा येतो की डोळ्यांना धार लागते. वाऱ्यामुळेच लागली, असं कप्तानांना सांगितलं. त्यांना पटलं नाही.

१२ जानेवारी

काल आनंदाच्या भरात मुख्य गोष्ट लिहायची राहिली. सासूबाई पोरीला सांभाळायला तयार झाल्या त्या एका अटीवर — हे शहर संपेपर्यंतच. मग पुरे. "एवढ्याशा लेकराची आई आभाळात लोंबकळतेय, हे माझ्या जिवाला सोसायचं नाही." मी घाईघाईत हो म्हणून बसले. नसते म्हटले तर पहिलंच उड्डाण हुकलं असतं!

आणि आता एकाच दिवसात कळून चुकलंय — मला हे सोडायचं नाहीये. पुढच्या हिवाळ्यात दुसरं शहर आहे. ऑफिसातले मोठे साहेब आत्तापासूनच विचारतायत, येणार का म्हणून. काय सांगू?

नवऱ्यापाशी विषय काढला. तो घरीच बसून पुस्तकांची प्रुफं तपासतो. "तुमचं दोघींचं काय ते ठरवा," म्हणाला आणि खोलीचं दार लावून घेतलं. छान!

१५ जानेवारी

ढग.

१६ जानेवारी

पुन्हा ढग. कप्तानांनी शेंगदाण्यांचा अख्खा पुडा संपवला. मी हातभार लावला.

१९ जानेवारी

ऊन! लख्ख ऊन! भर दुपारी सावल्या अगदी पायाशी येतात, तेव्हाच उडायचं, नाहीतर निम्मं शहर सावलीत झाकलेलं निघतं. वळताना घटकाभर मोकळीक मिळते, तेवढ्यात खिडकीतून बघून घेते. झाडं फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी. उंच मनोऱ्याचा नुसता गोल उरतो, सगळा तोरा गेला! मला हसूच आलं. खाली जे डोक्यावर बसतं ते वरून किती चिल्लर दिसतं.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "आपलं घर दिसतं का गं वरून?" मी आपलं खरं ते सांगितलं, "नाही हो आई. सगळ्या गच्च्या सारख्याच. त्यातून मी बघते बुडबुड्याकडे." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांना बरं वाटावं म्हणून फुल्यांची गंमत सांगत बसले. आम्ही उडण्याआधी मोजणीवाले शहरात ठरलेल्या जागी पांढऱ्या कापडाच्या मोठाल्या फुल्या अंथरून ठेवतात. त्या फोटोत सापडल्या की ऑफिसातले भिंगवाले — नकाशा आखणारे, त्यांचं भिंग डोळ्यावरून खाली येतच नाही — नकाशा तिथे टाचणी टोचल्यासारखा पक्का बसवतात.

"म्हणजे पांढरी फुली वरून चटकन ओळखू येते म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

"हो तर!" मी म्हटलं.

२७ जानेवारी

रोज उड्डाण. कप्तानांच्या गाण्याची चाल आता मलाही येते. तशीच, बेसूर. पोरगी घरभर हात पसरून धावते आणि वळताना भिंतीला आपटते.

सासूबाईंना काय झालंय कळत नाही. सकाळी उठल्या उठल्या, "आज उडणार ना? नक्की?" काळजी वाटत असणार, बिचाऱ्या. शिवाय चादरी धुण्याचं काय खूळ घेतलंय! काल धुतलेल्या आज परत. आमच्या गच्चीचा धोबीघाट झालाय नुसता.

३ फेब्रुवारी

शहर संपलं. शेवटचा पट्टा झाल्यावर कप्तानांनी कोणाला न विचारता एक मोठी गिरकी घेतली. "ही तुमच्यासाठी, ताई." खाली सगळं शहर उन्हात पसरलेलं. इतकं सुख झालं की वाईट वाटायला लागलं.

साहेबांना उत्तर द्यायचंय. घरी सासूबाईंसमोर तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मीठ मागितलं.

९ फेब्रुवारी

बोंबला! आमच्या भागाचा नकाशा बसतच नाहीये. नदी शाळेच्या मैदानातून वाहतेय आणि टपाल कचेरी भर रस्त्यात उभी! साहेब म्हणाले, "कॅमेरा कलला असणार." झालं, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. बुडबुडा मध्यावरच होता हो! पण तो काय साक्षीला येणार?

कप्तान भडकले. "आमचं काम सरळ आहे. वाकडं असेल तर माझं गाणं!"

साहेबांनी शांतपणे सांगितलं — चूक माझी निघाली तर पुढच्या शहराला दुसरा माणूस. म्हणजे सासूबाईंनी नको म्हणायच्या आधी ऑफिसच नको म्हणणार! रडावं की हसावं कळेना. थोडी रडले.

१० फेब्रुवारी

आज हसले. पोट दुखेपर्यंत!

भिंगवाल्यांना म्हटलं, मला दाखवा तरी. त्यांनी भिंग माझ्यापुढे सरकवलं. "ही बघा त्या भागातली फुली. मोजणीवाल्यांनी इतकी सुबक आजवर घातली नव्हती." मी डोळा लावला. गच्ची. पाण्याची टाकी, झाकण मोडलेलं. कोपऱ्यात लाल तीनचाकी सायकल. मधोमध दोन पांढऱ्या चादरींची भली मोठी फुली, आणि तिच्या कडेला दोन ठिपके — एक मोठा, एक चिमुकला.

"अहो, ही फुली माझ्या घरची आहे!" मी ओरडलेच.

खरी फुली जवळच बसथांब्याच्या पटांगणात होती. नेमकी तिच्यावर बस येऊन उभी राहिलेली, कापडाचं एक टोक तेवढं बाहेर. भिंगवाल्यांना ती दिसली नाही, म्हणून त्यांनी आमच्या चादरींनाच टाचणी टोचली. मग त्या टोकावरून पुन्हा सगळं बसवलं. नदी गपचूप आपल्या जागी गेली. साहेब मान खाली घालून हसत होते.

घरी आले तर सासूबाई घड्या घालत बसलेल्या.

"आई, गच्चीवर चादरींची फुली कोणी घातली?"

"कुठल्या चादरी?" एक घडी झाली, दुसरी झाली. मग म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, सगळ्या गच्च्या सारख्या? म्हटलं, वर एकटीला भीती वाटली तर बघायला आपलं घर तरी असावं. रोज उभ्या राहायचो आम्ही दोघी, हात हलवत. तू काही बघितलं नाहीस!"

मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. घड्या विस्कटल्या. आणि मग बोलूनच टाकलं — आई, मला पुढेही उडायचंय.

"ते मला ठाऊक नाही होय? पण तू वर असतेस तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो गं. इथे खाली बसून नुसती वाट बघवत नाही." विस्कटलेली चादर त्यांनी पुन्हा झटकली. "अट ती अट."

मी त्यांना ओळखते. त्या अशा बोलल्या की संपलं. पण मी रागावूही शकले नाही.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी सासूबाईंना ऑफिसात बोलावलं! ओरडणार असं वाटून मीही सोबत गेले. भिंगवाल्यांनी उठून खुर्ची दिली.

पुढचं शहर दाटीवाटीचं, मोकळी जागा नाही. फुल्या गच्च्यांवरच घालाव्या लागणार आणि लोक मोजणीवाल्यांना दारातूनच परतवून लावतात. साहेब म्हणाले, "गच्चीची किल्ली मागायची कशी, हाच प्रश्न आहे."

"मागायची कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आधी बसायचं, चहा प्यायचा, त्यांच्या सुनेची तक्रार ऐकून घ्यायची. किल्ली तेच देतात."

"मग तुम्हीच याल का, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "उद्या सांगते," म्हणाल्या.  घरी येताना वाटेत प्रत्येक गच्चीकडे मान वर करकरून बघत होत्या.

१३ फेब्रुवारी

सासूबाईंनी होकार कळवला. माझाही, मला न विचारता! पुढच्या हिवाळ्यात त्या गच्च्यांवर, मी आभाळात.

जेवताना सांगितलं तर नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, मग पोरीला कोण सांभाळणार?"

आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत राहिलो. पोरगी उठली आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसली.