छतावरून पडलेला पहारेकरी

प्रिय शिवप्रिया,

तू पुण्यातून तिकीट काढून पाठवलंस, म्हणून रविवारी दुपारी इथं धाराशिवात तो गुप्तहेराचा सिनेमा बघून आले. कसा वाटला ते कळव म्हणालीस, तर मारामारी लई झकास. रेल्वेच्या टपावरच्या झटापटीत शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हातच घट्ट धरला. नायकाचं काम चांगलं, बोलतो कमी. गाणी नसती तरी चाललं असतं, आणि मध्यंतरानंतर शत्रूचं कारस्थान मला काही नीट कळलं नाही.

पण खटकलं ते वेगळंच. त्यानं तीसेक माणसं तरी मारली असतील. एक पहारेकरी छतावरून खाली पडतो, नायक वळूनही बघत नाही. लोक शिट्ट्या मारत होते. त्याच्या घरी निरोप कुणी नेला असेल, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा पण असेच असतील ना गं?" तू पाच वर्षांची असताना मीच सांगितलं होतं, बाबा सरकारच्या गुप्त कामावर गेलेत, कुणाला बोलायचं नाही. मोठी झाल्यावर तू विचारणं सोडलंस. मला वाटलं, ओळखलं असशील. परवा कळलं, तू अजून तेच धरून बसलीस.

पोरी, तुझे बाबा हेर नव्हते. सास्तूरला आपल्या शेताशेजारी धुळाप्पाकाका होते, तुला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे. बांधावरून दोघांची जुंपली आणि बाबांनी कुऱ्हाड उचलली. एकच घाव. काका तिथंच गेले. त्यांची बायको इरम्मा माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते सोसवेना, म्हणून तुला घेऊन मी धाराशिवला आले. बाबांना जन्मठेप झाली.

चौदा वर्षं मामाकडे जाते सांगून मी तुरुंगात त्यांना भेटून येते. आता सुटका मंजूर झालीय. येत्या वीस तारखेला बाहेर येतील. मागच्या भेटीत म्हणाले, "पोरीला खरं सांग, नायतर म्या घरी येत न्हाय." फोनवर जीभ रेटली नसती, म्हणून हे पत्र. मी त्यांना आणायला जाणार आहे. तू यायचं की नाही, ते तूच ठरव. नाही आलीस तर का आली नाहीस, तेही त्यांना खरंच सांगेन. माझ्याच्यानं आता खोटं बोलवत नाही.

तुझीच,
आई