हात पुसून घ्या, मंडळी

रेडमंड,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. इला हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. पावसाला अजून सुरुवात नाही. मागच्या अंगणातला गळका नळ एकदाचा दुरुस्त केला. म्हणजे प्रसन्नकाकानं केला, मी टॉर्च धरला. दीपाकाकू दर गुरुवारी डबा पाठवते आणि दर शुक्रवारी रिकामा डबा परत का आला नाही म्हणून मला बोलते. थोडक्यात, मी बरा आहे.

मराठीत लिहितोय याचं तुला नवल वाटेल. तुला मराठी मनातल्या मनात वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. रविवारच्या मराठी शाळेत गिरिजाबाई कपाळाला हात लावायच्या, "ही मुलगी मोठ्यानं वाचल्याशिवाय एक वाक्य समजून घेईल तर शपथ!" तेव्हा हे पत्रही तुला मोठ्यानंच वाचावं लागणार. शेजारी कोणी असेल तर दार लावून घे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मला फक्त ऑफिस लिहिता येतं. दोन वर्षांत तुला सात ई-मेल पाठवल्या. सगळ्या 'होप यू आर डुइंग वेल'नं सुरू झाल्या आणि जवळजवळ तिथंच संपल्या. तू एकीलाही उत्तर दिलं नाहीस. तुझ्या जागी मीही दिलं नसतं.

बातमी ही, की हॅल ब्रॅनिगन गेला. ऑगस्टच्या मध्याला. तुझ्या कानावर आलंच असेल, तरी मला वाटलं आपण सांगावं. चाळीस वर्षं बेसबॉलचं रेडिओवर वर्णन करणारा माणूस; त्याचा चेहरा मी पेपरात पहिल्यांदा नीट पाहिला तो तो गेल्यावर. मी त्याला उंच, रुंद खांद्यांचा समजत होतो. फोटोत एक किडकिडीत म्हातारा, कान मोठे, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावलेली. नागपूरच्या आमच्या पोस्टमास्तरांसारखा.

परवा रविवारी स्टेडियमवर त्याची स्मृतिसभा झाली. मी गेलो होतो. एकटाच गेलो. रेडिओवर सांगितलं होतं की येताना प्रत्येकानं स्वयंपाकघरातला एक टॉवेल आणावा. का, ते तुला सांगायला नको. सामना रंगात आला की हॅल म्हणायचा, "हात पुसून घ्या, मंडळी." म्हणजे आता काहीतरी होणार, भांडी राहू द्या. त्याला पक्कं माहीत होतं की त्याचं ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक त्या वेळी सिंकपाशी उभे असतात. मी या देशात नवा होतो, ऑफिसात कोणी माझ्याशी कामापलीकडे बोलत नव्हतं, आणि हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या साबणाच्या हातांची चौकशी करायचा. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्याच्यासाठी खेळ शिकलो.

मी तुझ्या आईचं पिवळ्या चौकडीचं फडकं नेलं होतं. पोळ्यांच्या डब्यात असायचं ते. अजून तुपाचा वास आहे त्याला, का मला उगीच वाटतो, देव जाणे.

पंधरा-वीस हजार माणसं आणि प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल! लग्नघरातले आचारी जमल्यासारखे दिसत होतो आम्ही. मैदानात एक माइक ठेवला होता, दोन मिनिटांत आपली आठवण सांगायची. रांग लागली होती. एक बाई ट्रक चालवायची, ती म्हणाली, डोंगरातल्या घाटात रेडिओ बंद पडायचा तेव्हा ती स्वतःच हॅलच्या आवाजात पुढचा सामना रचायची, आणि आपली टीम कधी हरायची नाही. एक जन्मांध गृहस्थ म्हणाले, "मला गवताचा हिरवा रंग त्यानं समजावून सांगितला." कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन मिनिटं संपली होती.

मग मी उभा राहिलो. हो, मी. हसू नकोस. मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढं ये म्हटलं तर खांबामागं जाणारा तुझा बाबा, त्या माइकपाशी गेला आणि आपली गंमत सांगितली.

तुला आठवते ना? तू सात वर्षांची. तू बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सामना बघायचीस, मी आत भांडी घासत असायचो. टीव्हीवरचं चित्र केबलमधून फिरून येईपर्यंत रेडिओपेक्षा पाच-सहा सेकंद मागं असायचं. माझ्या कानात छोट्या रेडिओची वायर. हॅलनं 'गेला बॉल बाहेर' म्हटलं की मी आतून ओरडायचो, "इला, नीट बघ हं, आता हा उडवणार!" आणि तो उडवायचा. तू धावत यायचीस. "बाबा, हाऊ डिड यू नो?" मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "बाबाला सगळं आधी कळतं." दोन वर्षं हे चाललं. शाळेत तू मैत्रिणींना सांगितलंस. कादंबरी नावाची एक मुलगी तिच्या हरवलेल्या मांजराबद्दल विचारायला घरी आली होती. शेवटी आईनं माझ्या कानातली वायर ओढून तुझ्या हातात दिली. तू चिडली नाहीस. तू तीच वायर कानात घातलीस आणि म्हणालीस, आता मलाही आधी कळणार.

लोक खूप हसले, इला. टॉवेल हलवले त्यांनी. मला फार बरं वाटलं. मग माइकपाशी उभी असलेली निवेदिका सहज म्हणाली, "सो स्वीट! आज आली आहे का ती? कुठे असते?" मी म्हणालो, "शिकागोत. वकील आहे. शी वाँटेड टु कम, पण कामात अडकली."

इतकं सहज निघालं तोंडातून. तुला सभा आहे हेसुद्धा मी कळवलं नव्हतं. माझ्या जागेवर परत आलो, फडकं मांडीवर घेऊन बसलो, आणि पुढं कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मला माझाच आवाज ऐकू येत राहिला. दोन वर्षांपूर्वी फोनवर होता तसाच. गुळगुळीत.

आता लिहितो. हात पुसून घेतलेत.

आपल्याकडे परीक्षेच्या आधी कोणी वाईट बातमी सांगत नाही. माझे आजोबा गेले तेव्हा माझी बारावी चालू होती, दुसऱ्या दिवशी फिजिक्सचा पेपर. मला मावशीकडे पाठवून दिलं, चार दिवसांनी सांगितलं. मला एक्याण्णव मार्क पडले आणि सगळे म्हणाले, बघा, सांगितलं नाही तेच बरं केलं. आजोबांचं तोंड पाहायचं राहिलं हे मी कोणाजवळ बोललो नाही. मलाही वाटायचं, माया अशीच असते. म्हणून तुझी वकिलीची परीक्षा आली तेव्हा मी फार विचार केलाच नाही. हातापायांनाच ठाऊक होतं काय करायचं.

परीक्षा मंगळवार-बुधवारची. डॉक्टरांनी मला आदल्या शुक्रवारी बाहेर नेऊन सांगितलं होतं की आईचे पाच-सहा दिवस उरलेत, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. शुक्रवारी, इला. तू रोज फोन करत होतीस. मी सांगत होतो, उपचार लागू पडतायत, औषधानं झोप येते तिला, तू अभ्यास कर. बुधवारी तुझा पेपर संपल्यावर खरं सांगितलं, आणि तेव्हाही म्हणालो, दमली असशील, सकाळची फ्लाइट घे. गुरुवारी सकाळी दहा वाजता ती गेली. तू एक वाजता दारात उभी होतीस, पाठीवर कॉलेजची सॅक.

तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "यू न्यू. यू ऑल्वेज न्यू फर्स्ट, बाबा."

आणि तेव्हा मी जे उत्तर दिलं त्यासाठी हे पत्र आहे. मी म्हणालो, "आईचीच तशी इच्छा होती. तिनंच सांगितलं होतं, परीक्षा होऊ दे." माझ्यावर रागावलीस ती रागावलीसच, पण तिच्यावरही रागावलीस. ते मला दिसलं. तिच्या फोटोकडे न बघता तू निघून गेलीस. मी दिसू दिलं नाही की मला दिसलं.

आईची तशी इच्छा नव्हती. मी खोटं बोललो.

शनिवारी ती चांगली शुद्धीवर होती. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "इलाला बोलव. परीक्षा काय, पुन्हा देता येईल." मी म्हणालो, "बुधवारी संपतेय, गुरुवारी येईल." ती म्हणाली, "तुला ना, नेहमी वाटतं तुझ्याकडे वेळ जास्त आहे." रविवारी पुन्हा विचारलं, इला निघाली का. मी म्हणालो, निघाली. सोमवारपासून तिनं विचारलं नाही.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. प्रसन्नलाही नाही. तू आईवर राग धरून असशील तर तो आज सोड. तो माझा आहे, पत्ता चुकून तिच्याकडे गेला. तुझ्या आईनं, नीलांबरीनं, तुला हाक मारली होती. मी ती पुढं पोचवली नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर आपली चूक ढकलण्याइतका हलकटपणा माझ्यात आहे हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागायलाही काही हक्क लागतो. नुसतं खरं काय ते लिहिलं.

तू वर वाचलंस की मी बरा आहे. ते वाक्य खोडतो.

उजव्या मूत्रपिंडावर गाठ आहे. जुलैत कळलं. तीस सप्टेंबरला ऑपरेशन आहे. गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच समजेल. डॉक्टर म्हणते वेळेवर सापडली, पण खात्री ती देत नाही आणि मीही देणार नाही. दुखत वगैरे काही नाही. भूक कमी झाली आहे, म्हणून डबे तुंबतात. दीपाला वाटतं तिची भाजी आवडत नाही.

हे वाचून धावत यावंस म्हणून लिहिलेलं नाही. न्यायला-आणायला प्रसन्न आहे, त्यानं सुट्टीसुद्धा टाकली. खरं तर ऑपरेशन पार पडल्यावर तुला एक आठवी ई-मेल पाठवायची असंच ठरवलं होतं, 'छोटीशी प्रोसीजर होती, आता छान आहे.' मसुदा तयार आहे. पण हॅलचा शेवटचा सीझन मला आठवत राहतो. मागच्या वर्षी एका सामन्याच्या आधी त्यानं सांगितलं की माझ्या घशात काहीतरी निघालं आहे, उद्यापासून मी नसेन, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. आणि मग त्या दिवशीच्या खेळाडूंची नावं वाचायला लागला. मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून होतो. लाखभर अनोळखी लोकांना त्यानं आपली बातमी आधी दिली. मला घरातल्या एका माणसाला देता आली नाही.

काल हॉस्पिटलात फॉर्म भरायला गेलो. त्यात एक रकाना होता, काही झालं तर सर्वांत आधी कोणाला कळवायचं. मी सवयीनं प्रसन्नचं नाव लिहायला घेतलं होतं. 'प्र' लिहून झालं होतं. ते खोडून तुझं नाव घातलं, तुला न विचारता. खाली आणखी एक सही मागतात, माझ्या तब्येतीचं सगळं त्या व्यक्तीला थेट सांगायला परवानगी आहे का. नर्सनं विचारलं, "सगळं? का आधी तुम्हाला सांगून मग त्यांना?" मी म्हणालो, "सगळं. मला सांगायच्या आधी तिला सांगितलं तरी चालेल."

सही केली आहे. फोन नंबर जुनाच लिहिलाय, बदलला असशील तर त्यांना कळव, मला कळवलं नाहीस तरी चालेल. सोबत हॉस्पिटलचा नंबर आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या कागदावर आहे. कधीही फोन कर, तिथली माणसं तुला रिपोर्ट वाचून दाखवतील. यापुढं तुझ्या आणि बातमीच्या मध्ये मी उभा नाही.

पिवळं फडकं पाकिटात घातलं आहे. धुतलेलं नाही. वास येतो का बघ, आणि येत नसेल तर तसं खरंखुरं सांग.

तुला आधी कळावं म्हणून लिहिलं,
बाबा