लाल पगडीवाल्याचं नाव

पौष शुद्ध पंचमी, शके १७८६. सोमवार.
नात होऊन तिसरा दिवस. नाक लेकीचं, कौशल्येचं, म्हणजे माझंच. पण लिहायचं होतं दुसरं. सरवेवाल्यांनी शेताच्या हद्दीचे दगड रोवले, ते आमच्या विहिरीच्या अलीकडे. म्हणजे विहीर गेली शेजारच्या रामरावाकडे. ती ह्यांनी खणली, माती मी वाहिली, तेव्हा कौशल्या पोटात होती. ह्यांच्या पायात नारू, चालवत नाही. तसेही हे कचेरीत गेले की हात जोडून हो म्हणून येतात. गुरुवारी मीच उमरावतीला जाते. एका फेरीत काम होईल. माझ्यासमोर कोणाला खोटं बोलवत नाही.
ही वही कोणी वाचणार नाही. घरात वाचणारी मी एकटी, तीही जोडाक्षराला अडते.

अष्टमी, गुरुवार.
दमले. बडनेऱ्यापासून कापसाच्या गाड्यांची रांग. साता समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली म्हणे, म्हणून आमच्या बैलांना वाट नाही. कचेरीत एक कारकून होता, लाल पगडी, गालावर मस. गोड बोलला. कागद अकोल्याला गेलाय, सोमवारी या, दगड हलवून देतो. मी नाव विचारलं. त्यानं विडा तोंडात टाकला आणि बोलता येत नाही अशी खूण केली. बिचाऱ्याचं तोंड भरलेलं. काम झाल्यासारखंच आहे.

द्वादशी, सोमवार.
थोडं राहिलं. आज दुसराच कारकून. कागद इथंच आहे म्हणे, त्याच्या कोपराखाली होता. मग विचारतो, "अकोल्याले गेला असं कोण म्हनलं तुमाले? नाव सांगा." मी लाल पगडी सांगितली. तो म्हणाला, इथं लाल पगड्या पाच आहेत. मी गालावरचा मस सांगितला. तर म्हणे, मसाची नोंद आमी ठेवत नाही.
शिरस्तेदाराकडे गेले. तो जरा भला. सरवेचा साहेब उद्या तक्रारी ऐकणार, परवा तंबू उठणार. पण लाल पगडीवाल्यावर तक्रार, तर त्याचं नाव पाहिजे. मी म्हटलं, मग ह्या कारकुनांनी नाव का सांगू नये? तो म्हणाला, नाव सांगितलं तर सारा तालुका घरी येऊन बसेल, माणसानं जेवावं केव्हा. तेही खरं. पण मग आम्ही कुठं जाऊन बसावं, ते त्यानं सांगितलं नाही.
मुक्काम मामेबहीण पार्बताबाईकडे. पाय सुजले. उद्या नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. मला सोबत लागत नाही.

त्रयोदशी, मंगळवार.
नाव मिळालं. युक्ती माझी. संक्रांत आलीच आहे, तिळाचे लाडू बांधून नेले. लाल पगडीवाल्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, उद्या नातीचं बारसं, आवतण कोणाच्या नावानं देऊ? माणूस खुलला. सगळं नाव सांगून टाकलं.
आमच्या ह्यांचंच नाव. बाप वेगळा, गाव वेगळं, पण नाव तेच. ते इथं लिहिता येत नाही. लग्नात घेतलं तेवढंच, मग कधी तोंडावर आणलं नाही.
साहेबासमोर उभी राहिले, खोटं सांगून हेलपाटे घालायला लावले ते सांगितलं. ताहेर मुन्शी साहेबाचं बोलणं सांगत होता. म्हणाला, "बाई, नाम बताओ." मी बोट दाखवलं, तर लाल पगडीवाला जेवायला गेलेला. पार्बताबाई असती तर तिनं पटकन सांगितलं असतं. साहेब घड्याळ काढून बघायला लागला. शेवटी पदर पुढं घेतला, मान खाली घातली आणि उखाणा घेतला. निंबाच्या सावलीला बैलजोडी न्यारी, अमक्यांचं नाव घेते कचेरीच्या दारी. लोक हसले. साहेबाला चाल आवडली असावी, त्यानं मान हलवली. मुन्शीनं विचारलं, हे नाव कोणाचं? मी म्हटलं, आमच्या घरधन्याचं, आणि त्या कारकुनाचंही. कारकुनाचं म्हणेपर्यंत पुढच्या माणसाला हाक गेली होती. पण कागदावर चढलं. काम फत्ते.

चतुर्दशी, बुधवार.
पहाटे निघून दुपारी पोचले. बारसं झालं. जमुना. आधी कानात सांगितलं, मग चारचौघांत. पोरगी रडली नाही. कचेरीतल्या लोकांपेक्षा धीट. लाल पगडीवाला काही आला नाही.

वद्य चतुर्थी, सोमवार.
शिपाई कागद घेऊन आला. नाव विचारलं, तर म्हणे शिपाईच म्हणा. कागद पाटलानं वाचला. अमुक गावच्या बाईची तक्रार की तिचा नवरा खोटं सांगून तिला हेलपाटे घालायला लावतो, सबब नवऱ्यानं आठ दिवसांत कचेरीत हजर व्हावं. विहिरीबद्दल एक ओळ नाही. साहेबाचा तंबू उठला. दगड तिथंच आहेत.
हे नारूचा पाय खाटेवर ठेवून बसले होते. म्हणाले, "तू मायं नाव घेतलं? साहेबापुढे?" रागावले नव्हते, असं मला वाटतं. मग पाय पुसून घेतला आणि गाडीत गादी घाल म्हणाले.
जमुनेच्या आंघोळीचं पाणी आणायला मी विहिरीवर गेले. रामरावानं राखणदार बसवलाय, परगावचा. त्यानं घागरीवर काठी आडवी धरली. म्हणाला, "नाव सांगा बाई, मंग पानी."
सांगितलं. दुर्गाबाई.