तीन नंबरच्या बसमागे

ती. ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने). तो गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजींचा खोकला खरंच गेला की पाहुणे फार वेळ बसले की अजून परत येतो, ते कळव. आमच्याकडे टिकली मजेत, तुझी भावजय मजेत. माझं मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे. गेल्या खेपेला फोनवर मी चाळीस मिनिटं टिकलीबद्दल बोललो आणि तू म्हणालीस, "तिचं कळलं, तू कसा आहेस?" तेव्हा मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती.

तर झालं असं, की टिकलीच्या शाळेने मत्स्यालयाची सहल काढली. तिला दहावं सरून अकरावं लागलं तरी आमच्या दोघांपैकी एकाशिवाय ती कुठे गेली नव्हती. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात (आमच्या घरात तो शब्द कोणाला जास्त लागू पडतो याबद्दल तुझ्या भावजयीचं मत वेगळं आहे), आणि टिकलीला अचानक झालेला मोठा आवाज सोसत नाही, ठरलेलं बदललेलं चालत नाही, हे तुला माहीत आहेच. सहलीच्या कागदावर भावजयीने उभ्याउभ्या सही केली. मी तो कागद चार दिवस खिशात घेऊन फिरलो. त्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला दोन्ही काचा उजव्या डोळ्याच्याच घासून दिल्या. तो बिचारा तीन दिवस जिना उतरताना देवाचं नाव घेत होता, आणि मालक माझं.

सहलीच्या दिवशी मी घरी सांगितलं की दुकानात लवकर बोलावलंय, आणि स्कूटर काढून शाळेच्या कोपऱ्यावर झाडाआड उभा राहिलो. टिकली कानांवरचे हेडफोन गळ्यात अडकवून, एकदाही मागे न बघता आठ नंबरच्या पिवळ्या बसमध्ये चढली. मी मध्ये दोन गाड्या सोडून मागे लागलो. काय करणार होतो म्हणशील, तर ते मलाही ठाऊक नव्हतं. ती रडली तर मी जवळ असेन, एवढंच डोक्यात होतं. पण बसच्या आत ती रडली तर मला बाहेर कळणार कसं, हा विचार मला दुसऱ्या सिग्नलला सुचला, आणि त्या विचारात असतानाच तिथे दोन पिवळ्या बस शेजारी शेजारी आल्या. हिरवा लागला. एक सरळ गेली, एक वळली. मी वळणारीच्या मागे गेलो. तिच्या पाठीवर आठ होता. निदान मला तरी आठ दिसला.

तो तीन होता. बस थांबली ती डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकात, आणि दार उघडल्यावर त्यातून एकामागून एक आजी-आजोबा उतरायला लागले. ताई, माझी त्या क्षणी अशी काही स्थिती झाली, की मी खरोखर त्यांच्यात टिकलीला शोधत राहिलो. तेवढ्यात एका आजोबांनी माझा हात धरला, आणि हात धरलेल्या म्हाताऱ्याला रस्त्यात सोडून कसं जायचं, म्हणून मी त्यांना आत नेलं. आत एक बाई यादी घेऊन माणसं मोजत होत्या. एक्केचाळीस हवे होते, चाळीस भरत होते, आणि मी धरून बरोबर एक्केचाळीस झाले. (तो खरा एक्केचाळिसावा घरीच झोपून राहिला होता, असं नंतर कळलं.) मी म्हटलं, अहो मी तुमच्यातला नाही. त्या म्हणाल्या, "तपासणीला सगळेच घाबरतात. बसा." यावर, मी मुलीच्या मागावर निघालेला बाप आहे, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी बसलो. नर्सने माझ्या डोळ्यांत थेंब घातले.

थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, हे मी वीस वर्षं चष्म्यांत काढलेल्या माणसाने सांगायला हवं का? पण त्याने जवळचं अक्षर दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं फोन वाजल्यावर. शाळेच्या बाईंचा संदेश होता (तो आवाज मी त्यांच्यासाठी वेगळा लावून ठेवलाय), आणि पडद्यावर मला नुसतं पांढरं धुकं. शेजारच्या आजींपुढे फोन धरला. त्या म्हणाल्या, "मलाही थेंब घातलेत रे." पुढच्या आजोबांनाही घातलेले, त्यांच्या पुढच्यांनाही. त्या खोलीत चाळीस माणसं होती आणि एकालाही वाचता येत नव्हतं. शेवटी नर्सला गाठलं. तिने वाचलं, "टिकली स्वच्छतागृहात घाबरून खाली बसली आहे," आणि कोणीतरी हाक मारली म्हणून फोन माझ्या हातात ठेवून ती निघून गेली.

ताई, पुढची दहा मिनिटं मी चेष्टेत सांगू शकत नाही. भिंतीला धरून फाटकापर्यंत गेलो. ऊन सुईसारखं डोळ्यांत शिरलं, स्कूटर कुठली ते ओळखू येईना, छातीत असं धडधडायला लागलं की हा माझा शेवटच दिसतो असं वाटलं. मी पायरीवर बसलो. मागून माझा हात धरणारे ते आजोबा मला शोधत आले आणि काही न विचारता शेजारी बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी झाडापासून. ते म्हणाले, "म्हणजे घाबरून खाली बसलेले दोघं आहात."

नंतर डॉक्टरांनी (मला ओळखून, आणि मी चष्मे पोचवायला आलोय असं समजून) बाकीचे संदेश वाचून दाखवले. हात वाळवायचं यंत्र एकदम गरजलं, म्हणून ती बेसिनखाली बसली होती. हेडफोन चढवले, बाईंना पाच बोटं दाखवली, पाच मिनिटांनी आपणहून बाहेर आली, आणि आता एका मैत्रिणीला माशांची नावं सांगते आहे. शेवटचा संदेश: "काळजी नसावी, येऊ नये." डॉक्टरांनी लगे हात माझे डोळेही तपासले. लांबचा नंबर आहे, पावणेदोन. दुकानात दिवसभर लोकांचे नंबर बघतो मी.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन गेल्यावर तुझी भावजय मला दवाखान्यातून घरी घेऊन गेली. टिकलीने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिग्नलपर्यंत तू आमच्या मागे होतास. मग चुकीच्या बसमागे गेलास. मी हात केला होता." एवढं बोलून ती जेवायला बसली. तिला माझी गरज पडली नाही, याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मी आठ दिवस ठरवतोय. ज्या दिवसाची दहा वर्षं वाट पाहिली तो आला, आणि मी पायरीवर बसून होतो. तुला काही कळत असेल तर सांग.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सुट्टीत टिकलीला चार दिवस पाठव, असं तू म्हणाली होतीस. टिकलीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंपुढे तो विषय निघाला. त्यांनी टिकलीला विचारलं, घरात तुला कशाचा त्रास होतो? ती म्हणाली, "बाबाच्या काळजीचा आवाज येतो. तो गप्प बसला तरी येतो." तेव्हा असं ठरलंय, की टिकली इथेच राहील आणि चार दिवस मी तुझ्याकडे येईन. चालेल ना? नाही म्हणालीस तरी तिकीट तुझ्या भावजयीने काढलेलं आहे.

ता. क. २. आत्या, मी टिकली. बाबाने पत्र मला वाचायला दिलं. तो आला की त्याला त्याची खोली आधी दाखव. बेत बदलला तर एक दिवस आधी सांग. घाबरला तर बोलू नकोस, नुसती शेजारी बस. मी रोज सहा वाजता फोन करीन. त्याला तुझ्यासमोर रडायचं आहे, पण ते त्याला माहीत नाही.